काठीखाली थांबायचं

आक्का गेल्याची बातमी माझ्याकडे बातमी म्हणूनच आली. रविवार होता आणि शहराच्या पानावर माझी पाळी होती. संध्याकाळी आमच्या गुन्हे वार्ताहरानं सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीवरून नेहमीसारख्या काही छोट्या बातम्या पाठवल्या. कुठं दुचाकी घसरलेली, कुठं घरफोडी. त्यांत एक अशी होती : बाजारात आलेली अनोळखी महिला चक्कर येऊन पडली, उपचारापूर्वीच तिचा मृत्यू झाला, वय अंदाजे साठ ते पासष्ट, अंगावर निळी सुती साडी, पायांत पांढरे स्पोर्ट शूज, नातेवाइकांनी संपर्क साधावा. अशा बातम्या मी नोकरीभर वाचत आलो आहे. हात आपोआप चालतात. मी एक वाक्य कापलं, ‘शूज’चं ‘बूट’ केलं, मथळा दिला आणि पुढच्या बातमीवर गेलो. त्या बातमीची दोन वाक्यं वाचून झाली आणि हात थांबला. साडीवर पांढरे बूट घालून कोल्हापुरात बाजाराला जाणारी त्या वयाची बाई मला एकच माहीत होती.

मी दाजींना फोन लावला. आक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. फोन लगेच उचलला गेला. मागं बाजाराचा गलका होता, कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं.

“दाजी, कुठं हायसा?”

“टाकीखाली.”

“आणि आक्का?”

“यील की. आज लई येळ लावला बघ तिनं. का रं पावणं?”

“तिथंच थांबा. मी येतोय.”

“मी कुठं हलतोय,” दाजी म्हणाले.

बाजाराच्या टोकाला पाण्याची उंच टाकी आहे. मी पोचलो तेव्हा दिवे लागले होते, विक्रेते पालं आवरत होते. टाकीच्या खांबाला पाठ लावून, रिकामी पिशवी छातीशी धरून दाजी उभे होते. मला बघून त्यांनी माझ्या पाठीमागं बघितलं. आक्का माझ्याबरोबर आली असेल असं त्यांना वाटलं असावं... त्या दिवशी त्यांना हे कसं सांगितलं, ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की, सांगून झाल्यावरही ते टाकीखालून निघायला तयार नव्हते. “ती हितं आली आणि मी नसलो तर?” असं ते दोनदा म्हणाले.

हे थांबणं काय आहे, हे समजण्यासाठी जोतिबापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या लहानपणी गावाहून आम्ही सगळे चैत्र यात्रेला डोंगरावर जायचो. गावोगावच्या सासनकाठ्या तिथं येतात. दोन-तीन मजली घराएवढा उंच बांबू, त्याला रंगीत फडकी, वर तुरा. गर्दीत माणूस दिसत नाही, काठी दिसते. बाप डोंगर चढतानाच आम्हाला बजावून सांगायचा, “चुकला तर आपल्या गावच्या काठीखाली थांबायचं. हलायचं न्हाय.” एका वर्षी मी चुकलो. गुलालात सगळ्या काठ्या सारख्याच दिसत होत्या. मी कुठल्यातरी दुसऱ्याच गावच्या काठीखाली जाऊन उभा राहिलो आणि सांगितल्याप्रमाणं हललो नाही. घरचे आपल्या काठीखाली माझी वाट बघत बसले, कारण नियम तसा होता. तो मोडला एकट्या आक्कानं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कुणाला न सांगता ती काठीमागून काठी धुंडाळत निघाली आणि मला हाताला धरून घेऊन आली. बापानं आधी तिला एक ठेवून दिली आणि मग पेढा दिला. आक्का गाल चोळत म्हणाली, “ह्यो दत्त्या उद्यापातुर उभाच ऱ्हायला असता.” त्यानंतर आमच्या घरात नियम तसाच राहिला, पण शोधायचं काम कायमचं आक्काकडं गेलं. हरवलेली शेरडं असोत, भावकीत रुसून गेलेलं माणूस असो, निघायची तीच.

शालन तिचं नाव. लग्न हातकणंगले तालुक्यात झालं. दाजी साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत त्यांना दिवस-रात्र कळायची नाही. हंगाम संपला की शेतीची कामं. आक्काच्या दावणीला म्हशी. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, आणि आक्काच्या म्हशी तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हत्या. त्यामुळं संसाराच्या साऱ्या काळात ही दोघं मिळून एक रात्रही घराबाहेर राहिली नाहीत. लग्नाला जायचं तर एकानं जायचं. माझ्या लग्नात आक्का हळदीला आली, धारेच्या वेळेला परत गेली आणि अक्षतांना पुन्हा आली. दाजी तेव्हा कारखान्यात होते. याबद्दल ती कधी तक्रार करायची नाही. एकदाच, मी सहज विचारलं होतं, तेव्हा म्हणाली, “अरं, आमी दोघं मिळून कुठं गेलोय म्हणशील तर म्हशीच्या डाक्टराकडं.”

दाजी निवृत्त झाले, शेवटची म्हैस विकली आणि दोघं कोल्हापुरात छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलगा अभिजित इंजिनिअर होऊन जर्मनीत ड्रेस्डेन नावाच्या शहरात नोकरीला होता. त्याला मुलगी झाली तेव्हा सुनेच्या बाळंतपणासाठी दोघं पहिल्यांदा तिकडं गेली. त्यानंतर आणखी दोन उन्हाळे गेली. सोमवार ते शुक्रवार नात सांभाळायची. शनिवार-रविवारी मुलगा-सून घरी असायची, तेव्हा घरात चार मोठी माणसं आणि एक बाळ अशी दाटी व्हायची. अभिजितच म्हणाला, तुम्ही दोघं दोन दिवस कुठंतरी जाऊन या. रेल्वे दारात आहे, खोली मी इथून ठरवतो. मला वाटतं, आपण आईवडिलांना काय देत आहोत याची त्याला तेव्हा कल्पना नसावी.

पहिलं शहर बर्लिन. जायच्या आधी अभिजितनं आईसाठी पांढरे बूट आणले, कारण तिथल्या दगडी रस्त्यांवर चपलेनं पाय मुरगळतात. आक्कानं आयुष्यात नाडी बांधली नव्हती. तिला ते शेवटपर्यंत जमलंही नाही. पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर नाडी सुटली तेव्हा दाजींनी पिशवी खाली ठेवली, गुडघा टेकला आणि भर रस्त्यात बायकोच्या बुटाची नाडी बांधली. त्यांना गाठ एकच येत होती, कारखान्यात उसाची मोळी बांधतात ती. ती सुटत नाही. संध्याकाळी खोलीवर सोडायलाही दाजीच लागायचे. तिथल्या एका बाईनं त्या गाठ बांधण्याचा फोटो काढून त्यांना दाखवला. आक्का मला फोनवर सांगत होती, “गावात ह्यास्नी असं कुणी बघितलं असतं तर कारखान्यात तोंड दावाय जागा ऱ्हायली नसती. तितं लोक हसून नमस्कार घालाय लागली की रं.”

फोन दोघांत एकच होता. तिकडं अभिजितनं एकच सिमकार्ड घेतलं होतं, दोघं बरोबरच तर फिरणार. तो फोन दाजींच्या खिशात. मग चुकामूक झाली तर? हा प्रश्न बर्लिनच्या स्टेशनबाहेर आला, आणि आक्कानं मान वर केली. समोर टीव्हीचा मनोरा होता. उंच, सडपातळ, वर गोंडा लावल्यासारखा गोळा. “ही बघा काठी,” ती म्हणाली. “चुकलो तर हिच्याखाली थांबायचं.” त्यानंतर प्रत्येक शहरात उतरलं की पहिलं काम काठी ठरवण्याचं. पोटात कावळे ओरडत असले तरी आधी काठी. व्हिएन्नात मोठ्या चर्चचं टोक. ड्रेस्डेनमध्ये गोल घुमट, तो उंच असला तरी आक्काच्या मते काठीसारखा नव्हता, पण चालवून घेतला. व्हेनिसला घंटेचा मनोरा ठरवला खरा, पण गल्लीत शिरलं की काठी गायब व्हायची. म्हणून दोन दिवस ती दाजींच्या जॅकेटचं टोक धरून फिरली.

मी तेव्हा पुरवणी बघत होतो. तिला म्हटलं, तू सांग, मी लिहून घेतो, चांगला प्रवासाचा लेख होईल. तो लेख झाला नाही. बातमीदाराच्या कामाचं ती काहीच सांगायची नाही. व्हिएन्नाचा राजवाडा बघितलास का, विचारलं तर म्हणाली, “भायेरनं. आत जाऊन काय करायचं, राजा न्हाय घरात.” घोडागाड्यांच्या घोड्यांच्या खुरांबद्दल मात्र ती अर्धा तास बोलली. बर्लिनचं काय आवडलं, विचारलं तेव्हा म्हणाली, “दत्त्या, सकाळी जाग आली तर कुणाचा चहा ठेवायचा नव्हता. धार न्हाय, केर न्हाय. मी पलंगावर बसून ऱ्हायले. ह्यास्नी म्हणलं, अवो, आता काय करायचं? तर हे म्हणले, काय न्हाय.” ती हसली. “आमी दोघं तसंच बसून ऱ्हायलो बघ. लई बरं वाटलं.” मी तेव्हा वहीत काही लिहिलं नाही. त्यात छापण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

दाजी मूळचे अबोल. आक्का गेल्यावर लोक त्यांना भेटायला येत होते, तेव्हा एका शेजाऱ्यानं मला हळूच विचारलं, यांचं पटत होतं ना? प्रश्न चुकीचा नव्हता. चारचौघांत ती बोलायची आणि ते ऐकायचे, एवढंच लोकांनी बघितलं होतं. त्यांना प्राग माहीत नव्हतं.

प्रागला शिखरं मोजण्यापलीकडं आहेत. जिकडं बघाल तिकडं काळी, टोकदार टोकं. आक्कानं पुलावरून बोट दाखवून एक काठी ठरवली. दाजींनी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं आणि दुसरीच धरली. दोघांनीही मान डोलावली. जोतिबाच्या डोंगरावर जी चूक मी केली होती तीच. दुपारी नातीसाठी लाकडी बाहुली बघताना गर्दीत त्यांची ताटातूट झाली. आक्का आपल्या शिखराखाली जाऊन थांबली, दाजी आपल्या. ती बराच वेळ थांबली, आणि मग, लहानपणी केलं तेच तिनं पुन्हा केलं. निघाली. भाषा येत नाही, फोन नाही, ठरवलेल्या शिखराचं नाव माहीत नाही. नुसतं वर बघायचं, पुढचं टोक दिसलं की त्याच्या खाली जायचं. तीन चर्चं झाली. चौथ्याच्या पायरीजवळ दाजी उभे होते, पिशवी छातीशी धरून. पुढचा संवाद ती प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगायची, म्हणून तो मला पाठ आहे.

“अवो, कवापासनं उभं हायसा?”

“मघापासनं.”

“कुणाला इचारायचं, इकडं तिकडं बघायचं...”

“तू म्हणलीस थांबायचं.”

“म्हणून काय जन्मभर थांबशीला व्हय?”

“व्हय,” दाजी म्हणाले.

“एवढंच बोलले बघ. व्हय,” आक्का सांगायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. त्या पायरीवर बसून ती आधी हसली होती आणि मग रडली होती, हेही तिनं मला एकदा सांगितलं. परतीच्या गाडीत तिनं नियमात दुरुस्ती केली. ह्या माणसाला शोधायला लावायचं नाही, शोधायला गेला तर हाच हरवेल. ह्यानं उभं राहायचं. येणार ती. दाजींनी मान्य केलं.

शेवटच्या उन्हाळ्यानंतर दोघं परत आली, पण शनिवार-रविवारची सवय सुटली नाही. शुक्रवारी रात्री पिशवी भरून तयार असायची. कधी गगनबावडा, धुक्यात हात दिसत नाही अशा दिवसांत, आणि तिथं आक्का वैतागायची, कारण काठी ठरवायला काही दिसायचंच नाही. कधी जोतिबा, जिथं खऱ्या काठ्या होत्या. कुठंच जायचं नसेल तर रविवारचा बाजार. बाहेर पडताना फोन इथंही दोघांत एकच असायचा. आक्काचा फोन घरी टेबलावर असायचा. तो बरोबर घे, म्हणून मी सांगितलं, अभिजितनं सांगितलं. “फोन असला की माणूस खाली मान घालून चालतंय,” ती म्हणायची. बाजाराची काठी म्हणजे पाण्याची टाकी. सकाळी निघताना दाजी दारात बसून तिच्या बुटांना गाठी मारायचे, दोघं चालत जायची, दाजी टाकीखाली उभे राहायचे आणि आक्का एक पिशवी घेऊन आत शिरायची. ती भरली की टाकीखाली येऊन दाजींच्या हातातली रिकामी घेऊन जायची. बाजारातली इतर मंडळी त्यांना हसायची. एका पानवाल्यानं त्यांचं नाव ‘टाकीचा वॉचमन’ ठेवलं होतं, आणि आक्काला ते फार आवडलं होतं.

त्या रविवारी बेंदराच्या सणाची काहीतरी खरेदी होती, म्हणून ती दोघं दुपारनंतर पुन्हा बाहेर पडली. आक्का आत गेली आणि परत आली नाही. तिच्याजवळ फोन नव्हता, ओळखपत्र नव्हतं. बाजारातल्या लोकांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दाजी टाकीखाली उभे होते. रिक्षा गेली त्या गल्लीचं तोंड टाकीपासून दिसत नाही. मी ते नंतर जाऊन पाहिलं आहे.

दवाखान्यात ओळख मी पटवली. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. हृदय अचानक बंद पडलं, आणायला उशीर झाला असं म्हणता येणार नाही, शेजारी कोणी असतं तरी काही करता आलं नसतं. मी ते लिहून घ्यावं तसं ऐकलं आणि तसंच्या तसं दाजींना सांगितलं. तिच्या वस्तू एका पिशवीत दिल्या. बांगड्या, चष्मा, बूट. बूट तसेच ओढून काढले होते, कारण तिथल्या मावशींना गाठ सुटली नव्हती. मी कचेरीत फोन करून ती बातमी पानावरून काढायला सांगितली. तिच्या जागी काय गेलं ते मी आजवर बघितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी निधनाच्या रकान्यात तिचं नाव आलं, खाली रक्षाविसर्जनाची वेळ. तो मजकूर मीच लिहिला. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

अभिजित आला. दिवसकार्य झालं. त्यानं बापाला म्हटलं, चला माझ्याबरोबर, इथं एकटं राहायचं नाही. दाजी म्हणाले, बघू, आणि तो एकटाच परत गेला. त्यानंतरच्या रविवारी मी फ्लॅटवर गेलो तर दाराला कुलूप होतं. ते कुठं असतील हे मला लगेच समजलं, आणि ते तिथंच होते. खांबाला पाठ, छातीशी पिशवी. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. सून फोनवर रडायची, अभिजित माझ्यावर चिडायचा, मामा तुम्ही काहीतरी करा. डॉक्टर काय म्हणाले हे मी दाजींना किती वेळा सांगितलं असेल. ते ऐकून घ्यायचे. मग एकदा, टाकीखालीच, माझ्याकडं न बघता म्हणाले, “पावणं, ती माझ्यासाठी चार देवळं हिंडली. तिला तितली भाषा येत नव्हती. मला हितली येती. मी हुडकाय गेलो असतो तर... दोन गल्ल्या होत्या.” त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “ती वाट बघत बसली असंल,” ते म्हणाले. “आज ह्यो माणूस तरी यील म्हणून.”

माझ्या व्यवसायात अर्धवट बातमी हा एक प्रकार असतो. कोण, कुठं, केव्हा मिळालेलं असतं, पण पाहणारं माणूस गाठलेलं नसतं. मी ती बातमी सुधारली होती, काढून टाकली होती, पण कुणाला विचारलं नव्हतं. मधल्या वारी, दाजींना न सांगता, मी बाजारात गेलो. ज्या गल्लीतून रिक्षा निघाली तिथं विचारत गेलो. रविवारखेरीज तिथं मोजकेच लोक बसतात. एका कांदेवाल्यानं सांगितलं, हौसाबाईच्या पालापाशी झालं ते, ती शिरोळकडून येते, रविवारी भेटेल. मग मी रविवारी लवकर गेलो, टाकी टाळून मागच्या बाजूनं. हौसाबाई मेथी-शेपू विकतात. आक्काच्याच वयाच्या. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पदरानं तोंड पुसलं आणि बसायला पोतं सरकवलं.

“बूटवाल्या मावशी न्हवं? दर रविवारी यायच्या की. भाव पाडून घ्याच्या आणि वर म्हणायच्या, तुमच्या तिकडं म्हशी हायत का.” त्या थांबल्या. “त्या दिशी आल्या, मेथी घेतली, आणि म्हणल्या, जरा बसते गं. घाम लई आलता. मी पाणी दिलं. म्हणलं, मावशी, कुणाला बोलवू का? कोण हाय संगं? तर हसल्या. नको म्हणल्या. घाई न्हाय. आमचं मालक थांबत्यात. मी गेल्याबिगर ते हलायचं न्हाईत. जरा बसून जाते म्हणल्या...” हौसाबाईंनी शेजारचं पोतं दाखवलं. “आणि असं ह्याला टेकल्या. मला वाटलं डोळा लागला.”

मी विचारलं, “त्या घाबरल्या होत्या का? कुणाची वाट बघत होत्या का?”

“न्हाय वो. निवांत होत्या,” त्या म्हणाल्या. “कुठं थांबल्यात मालक ते मी इचारलं न्हाय बघा. तेवढं इचारलं असतं तर...”

मी त्यांना सांगितलं की, त्यांनी पाणी दिलं, तेवढं पुष्कळ होतं. मग टाकीकडं गेलो. दाजी येऊन उभे राहिले होते. मी त्यांना जे ऐकलं ते हौसाबाईंच्या शब्दांत सांगितलं, स्वतःचा एक शब्द न घालता. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

“हसली?”

“व्हय.”

“घाई न्हाय म्हणली?”

“व्हय, दाजी.”

ते टाकीच्या खांबावर हात ठेवून काही वेळ उभे राहिले. मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. मग म्हणाले, “चल, दाव कुठं ते.” आणि बाजार भरलेला असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते टाकीखालून निघून आत शिरले. हौसाबाईंनी त्यांना ओळखलं नाही. मी सांगितल्यावर उठून उभ्या राहिल्या. दाजी त्या पोत्यावर बसले, आक्का टेकली होती तसे टेकून. शेजारचा कांदेवाला ओरडायचा थांबला होता. बऱ्याच वेळानं ते उठले, मेथीची एक पेंडी घेतली आणि भाव न करता पिशवीत टाकली. आक्का असती तर तिथंच तिनं त्यांना झापलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला अभिजितला फोन लावायला सांगितला आणि येतो म्हणाले. कायमचं नव्हे, नातीची शाळा सुरू होईपर्यंत. आता तिकीट आलं आहे. काल मी बॅग भरायला गेलो होतो. कपडे थोडेच. चटणीची बरणी मी कापडात गुंडाळली. दाराजवळ आक्काचे बूट होते, दवाखान्यातून आणले तसे, त्या रविवारी दुपारी दाजींनी मारलेल्या गाठींसकट. टाचा आत दबलेल्या, डाव्या बुटाला बाजारातला चिखल वाळलेला. दाजींनी ते उचलले, चिखल बोटानं खरवडला, ओल्या फडक्यानं पुसले आणि बॅगेत सदऱ्यांच्या वर ठेवले. बॅग लागेना. मी म्हटलं, दाजी, नाड्या सोडून चपटे करून ठेवतो, म्हणजे बसतील, आणि गाठीला हात घातला.

त्यांनी माझा हात बाजूला केला.

“ऱ्हाऊ दे पावणं,” ते म्हणाले. “सोडू नको. तिला बांधाय येत न्हाय.”